मागचे ड्रम काढून डिस्क बसवायचे का? जुन्या गाडीच्या ब्रेकचा पूर्ण हिशेब

पुण्यात जुनी गाडी जीव लावून सांभाळणारे पुष्कळ आहेत. कुणाकडे वडिलांची झेन असते, कुणाकडे एस्टीम, कुणाकडे रांजणगावात बनलेली पुंटो किंवा लिनिया. रंगकाम झालं, सस्पेन्शन झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: मागचे ड्रम काढून डिस्क टाकायचे का? नव्या गाड्यांच्या जाहिरातीत 'चारही चाकांना डिस्क' हे इतक्या ठळकपणे छापलेलं असतं, की ड्रम म्हणजे जुनाट आणि डिस्क म्हणजे सुरक्षित असं डोक्यात पक्कं बसलं आहे. ते अर्धंच खरं आहे. मागे डिस्क आल्याने गाडी कमी अंतरात थांबेल असं बहुतेक वेळा होत नाही. आणि हा बदल अर्धवट केला, तर चांगली चालणारी गाडी धोकादायक होते. म्हणून पैसे काढण्याआधी आतलं गणित समजून घ्या.

सुरुवात ड्रम उघडण्यापासून करू. चाक काढलं, ड्रमच्या कडेला चारी बाजूंनी हलके ठोके मारले की तो सुटतो आणि काळी भुकटी खाली पडते. ती भुकटी फुंकरीने किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाणं फार वाईट. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. आत दोन अर्धगोल शू समोरासमोर दिसतात, त्यांच्या बाहेरच्या अंगाला लायनर, म्हणजे घासणारा थर. वरच्या बाजूला दोघांच्या मध्ये बोटभर लांबीचा व्हील सिलिंडर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल त्यातले दोन पिस्टन बाहेर ढकलतं, शू फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. पाय उचलला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. हँडब्रेकची केबलही इथेच येते आणि एका पट्टीने हेच शू फाकवते.

ड्रमचं खरं वैशिष्ट्य मात्र नुसतं पाहून कळत नाही. फिरणारा ड्रम दोनपैकी एका शूला आपल्याबरोबर ओढतो आणि त्या ओढीनेच तो शू आणखी घट्ट रुततो. दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकललं की जास्त घट्ट बसते, तसं हे आहे. त्यामुळे पायाने दिलेल्या जोरापेक्षा बराच जास्त जोर ड्रमला फुकटात मिळतो. साध्या, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नसलेल्या गाड्याही ड्रमवर व्यवस्थित थांबायच्या, त्याचं हे कारण.

डिस्कला हा फायदा नाही. लोखंडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड आणि पॅड दाबणारा कॅलिपरचा (पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन, एवढाच कारभार. जेवढा जोर द्याल तेवढीच पकड मिळते. म्हणूनच कॅलिपरचा पिस्टन मोठा ठेवावा लागतो. नमुन्यादाखल, व्हील सिलिंडरचा पिस्टन साडेसतरा मिलीमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ 240 चौरस मिलीमीटर होतं. मागच्या कॅलिपरचा पिस्टन 34 मिलीमीटरचा धरला तर सुमारे 908. जवळपास पावणेचार पट! हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे पेडलच्या बोलण्यात लागतील.

मागच्या चाकांच्या वाट्याला काम किती?

ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. त्या क्षणी मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि पुढच्यांवर वाढतो. किती, ते मोजता येतं. गाडी 1,000 किलोची धरा, पुढे 600 आणि मागे 400 किलो भार. दोन आसांमधलं अंतर 2.4 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तर सुमारे 180 किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे 780, मागे उरले 220. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते, म्हणजे थांबवण्याच्या एकूण कामापैकी मागच्या दोन चाकांना जेमतेम 22 टक्के करता येतं. त्यापलीकडे जोर दिला तर चाक जाम होऊन घसरतं.

आता मूळ प्रश्नाकडे या. ताशी 80 किलोमीटर वेगावरून अशी गाडी चांगल्या टायरवर साधारण 32 मीटरमध्ये थांबते. ड्रायव्हरचा पाय पेडलवर जायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात आणखी 22 मीटर गेलेले असतात. हे 32 मीटर टायर आणि रस्ता ठरवतात. तुमचे सध्याचे ब्रेक चाकं जाम करू शकत असतील, किंवा एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवत असेल, तर ब्रेकची ताकद कमी पडत नाहीये. टायरची पकड संपते आहे. अशा गाडीला मागे कितीही महाग डिस्क लावली तरी ते 32 मीटर तसेच राहणार. जास्त पकडीचे टायर लावले तर मात्र ते कमी होतील.

मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळाला तर काय होतं, हे या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं. पुढची चाकं आधी जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी सरळ रेषेत घसरते. मागची आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गर्रकन फिरते. पावसात, वळणावर, हे सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून गाडी बनवणारे मागचा जोर मुद्दाम मर्यादित ठेवतात. त्यासाठी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असतो: ठरावीक दाबाच्या पुढे तो मागे जाणारा दाब हळू वाढू देतो. काही गाड्यांत तो मागच्या आसाला स्प्रिंगने जोडलेला असतो आणि मागे माणसं-सामान किती, त्यानुसार दाब बदलतो. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत 1966 पासून गाड्यांचं संशोधन आणि चाचण्या चालतात. गाडीला प्रमाणपत्र मिळण्याआधी ब्रेक रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही स्थितींत तपासले जातात. तुमच्या गाडीचं पुढचं-मागचं प्रमाण अशा चाचण्यांतून ठरलेलं आहे. मागचा भाग बदललात की ते प्रमाण मोडलं, आणि ते पुन्हा बसवण्याची जबाबदारी तुमच्यावर आली.

घाट, पाऊस आणि डिस्कचा खरा फायदा

मग डिस्कमध्ये चांगलं काय? उष्णता आणि पाणी.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. माणसांसकट 1,200 किलोची गाडी ताशी 80 वरून थांबवली की जवळपास 3 लाख ज्यूल उष्णता तयार होते. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटरवर, पुणे 560 वर. घाटात सलग 500 मीटर उंची खाली आलात तर 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर 80 वरून पूर्ण थांबण्याचं काम लागोपाठ वीस वेळा केल्यासारखं झालं! ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल खाली जाऊ लागतं. शिवाय बंद डब्यात उष्णता कोंडून राहते. डिस्क तापली की पॅडच्या दिशेने फुगते आणि उघडी असल्याने लवकर निवते.

पण इथेही बहुतेक उष्णता पुढच्याच ब्रेकमध्ये तयार होते. घाटात ब्रेक मऊ पडत असतील तर आधी पुढच्या डिस्कची जाडी, पॅड आणि ब्रेक ऑइल बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा खर्च डिस्क बसवण्याच्या तुलनेत नगण्य आहे आणि जीव वाचवण्याची त्याची ताकद जास्त. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार असो की खंबाटकी, खालच्या गियरमध्ये उतरा. ज्या उतारावर मोठमोठ्या ट्रकांचे ब्रेक फेल होतात, तिथे गाडी न्यूट्रलवर सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पाण्याचा फायदा मात्र खरोखर मागच्या चाकांनाही होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे काही ब्रेक लागतच नाहीत, किंवा एका बाजूला लागतात आणि दुसऱ्या बाजूला नाही. डिस्कवरचं पाणी एक-दोन फेऱ्यांत पुसलं जातं. पॅडची जाडीही चाकाच्या फटीतून दिसते. हे फायदे मी कमी लेखत नाही. पण ड्रम मागासलेला म्हणून काढायचा असेल, तर फोक्सवॅगनने आयडी 4 या विजेवरच्या गाडीत मागे ड्रमच ठेवलेत हे लक्षात घ्या. तिथे बराचसा वेग मोटरच कमी करते, मागच्या ब्रेकला काम थोडं, आणि उघडी डिस्क न वापरल्याने गंजते. ड्रम झाकलेला राहतो.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी आहे तो ड्रम नीट करून पाहा. शू आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असणं हे पेडल फार खाली जाण्याचं अगदी नेहमीचं कारण असतं. हे अंतर जुळवणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो, तो सोडवून साफ करून बसवला की पेडल वर येतं. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने जरा उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, आणि ते ऑइल लागलेले शू धुऊन परत वापरायचे नसतात. ड्रमच्या आतल्या कडेला नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर झीज मोजून घ्या. बऱ्याच ड्रमवर कमाल व्यास ओतीवच लिहिलेला असतो. लेथवर टर्न करून त्याच्या आत बसत असेल तर ठीक, नाहीतर नवा ड्रम. एवढं केल्यावर किती जणांना डिस्कची गरज उरते, ते तुम्हीच बघाल.

ज्यांच्या गाडीला चारही बाजूंना ड्रम आहेत, जुनी पद्मिनी किंवा जुनी ॲम्बेसेडर, त्यांनी मागच्या चाकांचा विचारच आधी करू नये. डिस्क घालायचीच तर पुढे घाला. मागे डिस्क आणि पुढे ड्रम ही जोडी उलटी आहे.

करायचंच असेल तर

सगळं नीट करून झालं, इंजिन जास्त ताकदीचं आहे किंवा गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, आणि तरी डिस्क हवी आहे. तर एक नियम सोडू नका: तुमच्याच कुळातल्या ज्या मॉडेलला कंपनीने मागे डिस्क दिली होती, त्याचा पूर्ण संच घ्या. लिनिया टी-जेटला चारही चाकांना डिस्क होत्या, त्यामुळे साध्या लिनियावाल्याला निदान बघायला मूळ नमुना आहे. सुझुकीने परदेशात विकलेल्या जुन्या स्विफ्ट जीटीआयलाही मागे डिस्क होत्या. पूर्ण संच म्हणजे हब किंवा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रॅकेट, कॅलिपर, हँडब्रेक केबल, होस (लवचीक ब्रेक नळी), प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आणि वेगळा असेल तर मास्टर सिलिंडरही (पेडलने ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर). नाना पेठेत किंवा भंगारवाल्याकडे नुसते दोन कॅलिपर स्वस्तात मिळाले म्हणून काम सुरू करू नका. बाकीचं जुळवताना 'जुगाड' सुरू होतो तो तिथूनच. डिस्क आणि होस कायम नवेच घ्या. जुना कॅलिपर घेतलात तर पिस्टनवर गंजाचे खड्डे नाहीत हे उघडून बघा आणि रबर किट बदला.

सर्वांत जास्त भीती मला घरगुती ब्रॅकेटची वाटते. भोसरीत लेथवाल्याकडून पट्टी कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून कॅलिपर टांगणं सोपं दिसतं. वरच्याच उदाहरणात, एका मागच्या चाकाची पूर्ण पकड वापरली तर कॅलिपर त्या ब्रॅकेटला सुमारे 240 किलोच्या जोराने ओढतो. तोही एकदा नाही, हजारो वेळा, खड्ड्यांच्या धक्क्यांसकट. वेल्डची कड तडकली की कॅलिपर फिरून रिमला अडकतो आणि चाक जागेवर जाम होतं. ब्रॅकेट कुणी डिझाइन केली, कोणत्या धातूची, कोणत्या ग्रेडचे बोल्ट, याचं उत्तर देता येत नसेल तर ती बसवू नका.

बसवल्यावर चाक हाताने फिरवून बघायचं. तेरा इंची रिममध्ये कॅलिपरला जागा फार कमी असते. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजनसुद्धा कॅलिपरला घासू शकतं.

आता पेडल. जुन्या ड्रमच्या यंत्रणेत काही वेळा मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो. ड्रमला तो चालतो, कारण स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. डिस्कला स्प्रिंग नाही. तो दाब राहिला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते, मायलेज पडतं. तुमच्या गाडीत तो आहे का, हे आधीच बघून काढावा लागतो. दुसरं, ते पावणेचार पटीचं गणित. कॅलिपरचा पिस्टन मोठा, म्हणून पॅड आणि डिस्कमधल्या प्रत्येक मिलीमीटर फटीसाठी जास्त ऑइल लागतं. फट अगदी थोडी ठेवली तर अडचण येत नाही. ती जास्त राहिली तर पहिल्यांदा दाबल्यावर पेडल खाली जातं, लोक लाइनमध्ये एअर राहिली म्हणून पुन्हा पुन्हा ब्लीड करत (हवा काढत) बसतात, आणि दोष भलतीकडेच असतो.

तो दोष बहुतेक वेळा हँडब्रेकमध्ये सापडतो. ड्रमसोबत हँडब्रेक आपोआप मिळतो, डिस्कसोबत तो वेगळा मिळवावा लागतो. एक पद्धत म्हणजे डिस्कच्या मधल्या भागात छोटा ड्रम. दुसरी, जास्त आढळणारी: कॅलिपरमध्येच स्क्रूची यंत्रणा, जी केबल ओढली की पिस्टन पुढे ढकलते आणि पॅड झिजतील तशी स्वतः पुढे सरकते. अशा पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात. पॅड बदलताना पुढच्या कॅलिपरसारखा तो क्लॅम्पने नुसता दाबून आत जात नाही, खाचांत हत्यार घालून फिरवत आत न्यावा लागतो. जोराने दाबला तर आतला स्क्रू मोडतो. जोडणी करताना आधी हा पिस्टन पॅडला जवळजवळ टेकेल एवढा बाहेर आणायचा, पेडल नीट करायचं आणि मगच केबलचा ताण लावायचा. केबल आधी ताणली तर आतली यंत्रणा पुढे सरकतच नाही. आणि हँडब्रेकशिवाय मागे डिस्क, असा सल्ला कुणी दिला तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. चढावर उभं राहण्यापुरता हँडब्रेक नसतो, मुख्य ब्रेक गेल्यावर हातात तेवढाच उरतो.

एबीएस असलेल्या गाडीत हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा संगणक ठरावीक ब्रेकसाठी जुळवलेला असतो आणि चाकाचा सेन्सर जागचा हलला तर तो चुकीचं वाचतो.

जोडणी झाली की पुढचं-मागचं प्रमाण रोलर ब्रेक टेस्टरवर (चाकं रोळांवर फिरवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या. मागच्या दोन चाकांत फरक नको आणि मागचा वाटा मूळपेक्षा वाढलेला नको. बाजारात स्क्रूने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मिळतो. एका बाजूचं पुढचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकाच लाइनवर असलेल्या, म्हणजे तिरक्या जोडणीच्या गाडीत एकच व्हॉल्व्ह टाकून चालत नाही, दोन्ही लाइनींचा विचार लागतो.

कायद्याचंही बघा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मालकाला नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होतील असे बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. आरसीवर ब्रेकचा प्रकार दिसत नाही म्हणून मोकळीक आहे असं धरू नका. संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुढे चालवायची तर फिटनेस तपासणी असते, तिथे हे ब्रेक कुणीतरी बघणारच आहे.

नवे पॅड आणि नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, गाडी पूर्ण न थांबवता, हलके ब्रेक लावत वेग उतरवायचा, मध्ये ब्रेकला गार व्हायला वेळ द्यायचा, आणि असं बऱ्याचदा करायचं. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहू नका, पॅडचा थर एका जागी चिकटून पुढे ब्रेक लावताना गाडी थरथरते. काही शे किलोमीटर झाल्यावर चाकं काढून ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, होस कुठे घासत नाही ना ते सस्पेन्शन हलवून बघा, आणि हँडब्रेक पुन्हा एकदा ताणून गाडी चढावर उभी करा.